मागची मोकळी जागा कोणाची, हे आधी नकाशावर ठरवा

तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांनाही समजावा म्हणून परिस्थिती थोडक्यात मांडते. नौपाड्यात तुमची तळमजला अधिक चार मजल्यांची, २८ फ्लॅटची इमारत आहे, १९८७ मधली. सोसायटी १९८९ ला नोंदली गेली, पण कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून देणारं खत, आजवर झालेलं नाही. इमारतीमागे विहीर, आंब्याची दोन झाडं आणि मोकळं आवार. तिथेच गाड्या लागतात, गणपतीचा मांडव पडतो. मूळ जमीनमालक वारले आणि त्यांच्या वारसांनी ही मागची जागा 'उर्वरित भूखंड' म्हणून एका नव्या विकासकाला विकली. त्याने पत्रे ठोकलेत, आणि तुमच्याच गेटातून सहा मीटरचा रस्ता काढून मागे सात मजली इमारत बांधणार म्हणतो. तुम्ही हरकत घेतलीत तेव्हा उत्तर मिळालं, "प्रॉपर्टी कार्डावर सोसायटीचं नावच नाही. तुम्ही फक्त फ्लॅटचे मालक." सभासदांत दोन तट पडलेत. काही म्हणतात कोर्टातून स्टे आणा. काही म्हणतात, लिफ्ट आणि रंगकाम करून देतोय तर घ्या आणि विषय संपवा. आणि तुम्ही विचारता, हे बांधकाम थांबवता येईल का?

मी आर्किटेक्ट आहे, वकील नाही. ठाण्यात आणि नवी मुंबईत सोसायट्यांची डीम्ड कन्व्हेयन्सची (बिल्डरने करून न दिलेलं कन्व्हेयन्स सरकारी आदेशाने मिळवण्याची) आणि पुनर्विकासाची कामं बरीच वर्षं करते आहे, त्या अनुभवातून लिहिते. कोर्टात काय मांडायचं ते तुमचा वकील ठरवेल. पण त्याच्या हातात जे कागद पडायला हवेत ते जमा करण्याचं काम माझ्यासारख्यांचं असतं, आणि अशी प्रकरणं बहुतेक वेळा तिथेच जिंकली किंवा हरली जातात.

'थांबवता येईल का' हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. आधी विचारा, मागची जागा तुमच्या इमारतीच्या भूखंडाचा भाग आहे की खरोखरच वेगळा भूखंड आहे? ती तुमच्या भूखंडाचा भाग असेल तर विकासकाने विकत घेतलंय ते फार थोडं. ती आधीपासूनच वेगळी असेल तर कितीही मोर्चे काढले तरी इमारत होणार, आणि मग तुमची लढाई फक्त रस्ता, सामासिक अंतरं (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) आणि विहिरीपुरती उरते. या दोन टोकांच्या मध्येही बऱ्याच शक्यता आहेत. तुम्ही नेमके कुठे आहात ते कागद पाहिल्याशिवाय मलाच काय, कोणालाच सांगता येणार नाही.

विकासकाच्या बोलण्याने सभासद घाबरलेत म्हणून आधी प्रॉपर्टी कार्डाबद्दल. कार्डावर वारसांची नावं असणं अगदी साहजिक आहे, कारण कन्व्हेयन्स झालेलंच नाही. १९६३ च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्यात, म्हणजे आपण ज्याला मोफा म्हणतो त्यात, जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून देणं ही प्रवर्तकाची, म्हणजे फ्लॅट बांधून विकणाऱ्या बिल्डरची, जबाबदारी आहे. करारात वेगळी मुदत ठरलेली नसेल तर सोसायटीच्या नोंदणीपासून चार महिन्यांत. तुमच्याकडे पस्तीस वर्षं होऊन गेली. ती जबाबदारी कोणी पार पाडली नाही म्हणून जुनं नाव कार्डावर राहिलं. मिळकत पत्रिका (म्हणजेच प्रॉपर्टी कार्ड) काय किंवा सातबारा काय, हे मुळात महसुलाचे अभिलेख आहेत. फेरफाराने, म्हणजे तिथलं नाव बदलल्याने, मालकी निर्माण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलेलं आहे. तेव्हा "कार्डावर नाव नाही" या एका वाक्याने खचून जाऊ नका. पण नाव लावून घ्यायला उशीर केलात तर मात्र दर वर्षी नवा खरेदीदार, नवा गहाणदार मध्ये येत जातो, हेही खरं.

आता कागद. पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे तुमच्या इमारतीचा मूळ मंजूर नकाशा. ठाणे महापालिका १ ऑक्टोबर १९८२ ला अस्तित्वात आली, त्यामुळे १९८७ च्या इमारतीची फाइल महापालिकेच्याच शहर विकास विभागात असायला हवी. नगरपालिकेच्या काळातल्या इमारतींपेक्षा तुमचं काम यामुळे सोपं आहे. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्रावर किंवा वापर परवान्यावर 'व्ही. पी. क्रमांक' असतो. तो मिळाला की पाचपाखाडीच्या मुख्यालयात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करता येतो. क्रमांक नसेल तर जुन्या मालमत्ता कराच्या बिलावर किंवा एखाद्या सभासदाच्या गृहकर्जाच्या कागदांत शोधा, बँका त्या काळीही मंजूर नकाशाची प्रत मागत. तरीही नाही मिळाला तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा. "फाइल सापडत नाही" असं उत्तर आलं तर तेही लेखीच घ्या.

नकाशा हातात आल्यावर सगळे जण आधी आपला फ्लॅट शोधतात. तुम्ही उजव्या बाजूचा क्षेत्रफळाचा तक्ता पाहा. त्यात वरून खाली अशी उतरंड असते: भूखंडाचं एकूण क्षेत्र, रस्ता किंवा आरक्षणात जाणारं क्षेत्र वजा, निव्वळ क्षेत्र, अनुज्ञेय चटई क्षेत्र, प्रस्तावित बांधकाम. समजा तिथे भूखंड २,००० चौरस मीटर लिहिलाय, रस्ता रुंदीकरणात २०० गेले, निव्वळ १,८०० उरले. चटई निर्देशांक (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येतं तो आकडा) १ धरला तर १,८०० चौरस मीटर बांधकामाला परवानगी. तुमच्या इमारतीचं बांधकाम १,७५० दाखवलं असेल, तर त्या वेळच्या हिशोबात पूर्ण भूखंडाचा एफएसआय तुमच्या इमारतीनेच संपवला. म्हणजे मागची जागा मोकळी दिसत असली तरी ती वेगळी नाही, तिच्या बळावर तुमचे वरचे मजले उभे आहेत. तीच जागा आता 'उर्वरित भूखंड' म्हणून पुन्हा हिशोबात धरणं म्हणजे एकच क्षेत्र दोनदा मोजणं. उलट तक्त्यात भूखंड ९०० चौरस मीटरचाच दाखवला असेल आणि मागची हद्द तुमच्या भिंतीपासून तीन मीटरवर ठळक रेषेने काढलेली असेल, तर तुमची बाजू तिथेच कमकुवत होते. ते लवकर कळलेलं बरं.

याच नकाशावर आणखी एक गोष्ट शोधा. मागच्या जागेत तुटक रेषेने काढलेली एखादी 'प्रस्तावित इमारत' किंवा 'भविष्यातील विस्तार' आहे का? याचं कारण मोफाच्या सातव्या कलमात आणि १९८६ मध्ये आलेल्या ७-अ मध्ये आहे. आधी दाखवलेल्या नकाशाव्यतिरिक्त जादा बांधकाम करायचं तर फ्लॅटधारकांची संमती लागते, हा सातव्या कलमाचा गाभा. ७-अ ने प्रवर्तकाला सूट दिली, की मंजूर लेआउटमधल्या इतर इमारती तो संमतीविना बांधू शकतो. विकासकाचा वकील याच सुटीवर बोट ठेवेल. पण मधुविहार सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केलं, की फ्लॅट विकताना पूर्ण योजना ग्राहकाला उघड करून सांगितलेली असली पाहिजे. नकाशात नसलेली इमारत पस्तीस वर्षांनी 'लेआउटचा भाग' म्हणून आणता येत नाही. तुमच्या प्रकरणात मूळ प्रवर्तक बाजूला झाला आणि वारसांनी परस्पर विक्री केली आहे, त्यामुळे वारसांना प्रवर्तक मानायचं का हा मुद्दा येईल. जमीनमालक मूळ करारांत पक्षकार होता का, यावर बरंच अवलंबून राहील.

म्हणून दुसरा कागद: सर्वात जुना करारनामा. पुनर्विक्रीचा नको. १९८६-८७ च्या सुमारास पहिल्या खरेदीदाराने केलेला करार शोधा. इमारतीत एखादे मूळ सभासद असतातच, त्यांच्या ट्रंकेत तो मिळतो. शेवटच्या पानांवरच्या परिशिष्टात भूखंडाचं वर्णन असतं: टिका क्रमांक, सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, आणि पूर्वेस काय, पश्चिमेस काय अशा चतुःसीमा. चतुःसीमा नीट वाचा. मागच्या बाजूला 'अमुक यांची मिळकत' लिहिलंय की 'मालकांची उर्वरित जागा'? पहिलं असेल तर तुमचा भूखंड शेजारच्या मिळकतीपर्यंत जातो, म्हणजे मधलं आवार तुमचं. दुसरं असेल तर मूळ मालकाने तेव्हाच ती जागा बाजूला ठेवली होती असा दावा होईल.

करारातलं एक कलम मात्र सगळ्या सोसायट्यांनी वाचायला हवं. मोफाच्या १९६४ च्या नियमांना कराराचा एक नमुना जोडलेला आहे, नमुना पाच. त्यात म्हटलंय की भूखंडात शिल्लक राहिलेला एफएसआय सोसायटीची नोंदणी होईपर्यंत प्रवर्तकाचा, नोंदणीनंतर सोसायटीचा. तुमची नोंदणी १९८९ ची. करार या नमुन्यावर बेतलेला असेल तर त्यानंतरचा शिल्लक एफएसआय कोणाचा, याचं उत्तर त्यातच लिहिलेलं आहे. काही विकासक हे कलम बदलून उलट लिहून घेत, "भविष्यातले सर्व फायदे प्रवर्तकाचे, ग्राहकाची याला आगाऊ संमती आहे." अशा सरसकट संमतीला कोर्टं फारशी किंमत देत नाहीत. नेमकं काय बांधणार हे कळल्यावर दिलेली संमती ती खरी संमती, अशी उच्च न्यायालयाची भूमिका राहिली आहे. तरी तुमच्या करारात काय आहे ते आत्ताच माहीत असू द्या, सुनावणीत पहिल्यांदा कळायला नको.

तिसरा कागद म्हणजे मिळकत पत्रिका आणि नगर भूमापनाचा नकाशा. इथे तुमची विहीर कामाला येते. जुन्या नकाशांतले आकडे पुसट असतात, मोजपट्टी जुळत नाही, हद्दीच्या भिंती नंतर सरकलेल्या असतात. पण विहीर जागची हलत नाही. ती नगर भूमापनाच्या नकाशात असते आणि बहुतेक मंजूर नकाशांतही गोल काढून दाखवलेली असते. आम्ही करतो ते असं: दोन्ही नकाशे एकाच मापात आणतो, विहीर आणि इमारतीचा एखादा न बदललेला कोपरा असे दोन बिंदू जुळवतो आणि एकावर एक ठेवतो. मग मंजूर भूखंडाची मागची रेषा विहिरीच्या अलीकडे पडते की पलीकडे, हे कोणालाही डोळ्यांनी दिसतं. असा एक जुळवलेला नकाशा सुनावणीत टेबलावर ठेवला की वीस पानांच्या अर्जाचं काम एका पानात होतं. त्यामुळे ती विहीर बुजवू देऊ नका. आजच चारही बाजूंनी तारखेसह फोटो काढून ठेवा.

हा तंटा आत्ताच का उपटला, हेही समजून घ्या. २ डिसेंबर २०२० ला राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मंजूर झाली, तीच यूडीसीपीआर. ठाणे आणि नवी मुंबई दोन्हीकडे ती लागू आहे. दाट वस्तीबाहेर मूळ निर्देशांक १.१, त्यावर अधिमूल्य भरून मिळणारा, त्यावर टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क), आणि निवासी बांधकामाला या सगळ्यावर ६० टक्क्यांपर्यंत पूरक चटई क्षेत्र. दाट वस्तीसाठी तक्ता वेगळा आहे, म्हणून तुमचा भाग विकास योजनेत कशात धरलाय तेही तपासा. एरवी कोणी ढुंकून पाहिलं नसतं अशा मागच्या तुकड्यांना यामुळे एकदम भाव आला, आणि कन्व्हेयन्स न झालेल्या इमारतींची आवारं विकासकांच्या नजरेत भरली.

पण हे सगळं रस्त्याच्या रुंदीवर चालतं, आणि तुमचा प्रश्न वाचताना मला खटकलं ते इथेच. भूखंडापुढचा रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर सर्वसाधारण तक्त्यात अधिमूल्याचा एफएसआयही नाही आणि टीडीआरही नाही. तुमच्या गेटातून काढलेल्या सहा मीटरच्या वाटेवर सात मजले कोणत्या हिशोबाने बसवलेत? एक तर तो तुमचा पुढचा भूखंड आणि मागचा तुकडा मिळून एकच भूखंड दाखवतोय आणि पुढच्या रस्त्याची रुंदी वापरतोय, किंवा सात मजले ही नुसती बोलणी आहेत. पहिलं असेल तर त्याच्या हिशोबात तुमची जमीन धरलेली आहे, आणि तुमच्या संमतीवाचून ती धरली असेल तर हा तुमचा सर्वात धारदार मुद्दा आहे. त्याच्या प्रस्तावाची प्रत मागवा. प्रकल्प महारेरात, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदवलेला असेल तर संकेतस्थळावर मंजूर नकाशा आणि मालकीहक्काचा अहवाल फुकट पाहायला मिळतो. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल आणि आठाहून जास्त फ्लॅट असतील तर नोंदणी सहसा टळत नाही, आणि नोंदणीआधी तो जाहिरात किंवा बुकिंग करू शकत नाही.

महापालिकेत हरकत घेताना सोसायट्या हमखास एक गोष्ट करतात. तीन पानं अन्याय, ज्येष्ठ नागरिक, मुलांचं मैदान, गणपती यांवर लिहितात. ते सगळं खरं असतं, मला त्याची कळकळ कळते. पण नगररचनेचा अधिकारी ते वाचून एकच उत्तर देतो: "मालकीचा वाद आहे, दिवाणी न्यायालयात जा." आणि त्याचं ते उत्तर नियमाला धरून असतं. म्हणून अर्ज अशा मुद्द्यांवर लिहा जे ठरवणं त्याचंच काम आहे. व्ही. पी. क्रमांक अमुकच्या मंजूर नकाशात हे क्षेत्र आमच्या भूखंडात मोजलेलं आहे, त्याचा चटई निर्देशांक वापरला गेलेला आहे, प्रस्तावित पोहोच रस्ता आमच्या भूखंडातून जातो आणि त्याला सोसायटीची संमती नाही, आमच्या इमारतीची सामासिक अंतरं त्याने कमी होतात. सोबत जुळवलेला नकाशा जोडा. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २५८ खाली, अर्जदाराने महत्त्वाची गोष्ट खोटी सांगून घेतलेली परवानगी रद्द करण्याचा अधिकार आयुक्तांना आहे, त्याचा उल्लेख करा. अर्ज सहायक संचालक, नगररचना यांच्या नावे द्या, प्रत आयुक्तांना, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. झाडं तोडायची तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, त्याची नोटीस झाडावर लागते. हरकतीची मुदत अगदी थोडी असते, म्हणून रोज कोणीतरी जाऊन बघत जा.

याच्या बरोबरीने, कशाचीही वाट न बघता, डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज टाका. कायदेशीर भाषेत मानीव अभिहस्तांतरण. सहकारी संस्थांच्या ठाणे जिल्हा उपनिबंधकांकडे, नमुना सातमध्ये, २,००० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सभासदांची यादी आणि त्यांचे इंडेक्स टू (करार नोंदवल्याचा नोंदणी कार्यालयाचा उतारा), करारनामा, मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा, आणि भूखंडाचं क्षेत्र मांडणारं आर्किटेक्टचं प्रमाणपत्र लागतं. वापर परवाना नसेल तर २०१८ च्या शासन निर्णयानुसार स्वयंघोषणापत्रावरही अर्ज घेतला जातो. मूळ प्रवर्तक, सगळे वारस आणि हा नवा खरेदीदार, तिघांनाही पक्षकार करा. नव्या खरेदीदाराला वगळून आदेश मिळवलात तर तो पुढे त्याच मुद्द्यावर आव्हान देईल. कायद्यात निर्णयासाठी सहा महिने धरलेत, प्रत्यक्षात जास्त लागू शकतात.

यात तुमच्या इमारतीला अडचण येऊ शकते ती मुद्रांकाची. १० डिसेंबर १९८५ पासून ताबा मिळणाऱ्या करारांवर खरेदीखतासारखं शुल्क लागू झालं, पण त्यानंतरही कित्येकांनी पाच-दहा रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर करार उरकले. तुमच्या २८ पैकी असे किती आहेत ते आधी मोजा. कमी पडलेलं शुल्क आणि दंड भरून ते नियमित करता येतं, शासन अधूनमधून अभय योजनाही आणतं. हे काम सुनावणी लागल्यावर सुरू केलंत तर तारखांवर तारखा पडतील.

डीम्ड कन्व्हेयन्सकडून काय अपेक्षा ठेवायची तेही सांगते. उपनिबंधक मालकीचा अंतिम निवाडा करत नाही. करारात प्रवर्तकाने जे द्यायचं कबूल केलं होतं तेवढंच तो देववतो. त्यामुळे आर्किटेक्टच्या प्रमाणपत्रातला आकडा करार आणि मंजूर नकाशा यांच्याशी जुळलाच पाहिजे. हाव धरून जास्त क्षेत्र मागितलं की सगळाच अर्ज संशयास्पद होतो. आदेश मिळाल्यावर मुद्रांकाचं अभिनिर्णयन (किती शुल्क लागेल ते ठरवून घेणं), नोंदणी, आणि मग मिळकत पत्रिकेवर सोसायटीचं नाव. ही शेवटची पायरी बऱ्याच सोसायट्या विसरतात आणि नोंदवलेला दस्त कपाटात पडून राहतो.

कोर्टाबद्दल. स्टेसाठी धावत जाऊ नका, पण कॅव्हेट आजच दाखल करा. "सोसायटी माझ्या कामात अडथळा आणते" असं म्हणून विकासकच तुमच्याविरुद्ध एकतर्फी मनाई मिळवू शकतो. कॅव्हेट असेल तर तुम्हाला ऐकल्याशिवाय आदेश होणार नाही. ते नव्वद दिवस चालतं, नंतर पुन्हा भरायचं. मनाईचा तुमचा अर्ज मात्र नकाशा, जुना करार आणि भूमापनाचा उतारा हातात आल्यावरच. प्रथमदर्शनी प्रकरण आहे का, हे न्यायाधीश पहिल्याच तारखेला बघतात. रिकाम्या हाताने गेलात आणि अर्ज फेटाळला गेला, तर तो आदेश पुढे प्रत्येक कार्यालयात विकासक तुमच्या तोंडावर ठेवेल. एकच अपवाद: तुमच्या गेटातून प्रत्यक्ष खोदकाम सुरू झालं तर थांबू नका, आहेत त्या कागदांनिशी वकिलाला घेऊन कोर्ट नाका गाठा.

मोजणीच्या दिवसाकडेही लक्ष ठेवा. विकासक हद्द कायम करण्यासाठी भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करेल, कदाचित केलाही असेल. नोटीस लगतच्या धारकांना जाते, आणि कार्डावर तुमचं नाव नसल्याने ती तुम्हाला येईलच असं नाही. म्हणून आधीच पत्र देऊन ठेवा की या मिळकतीत सोसायटीचा हितसंबंध आहे, मोजणीची सूचना आम्हाला द्यावी. त्या दिवशी सचिव, अध्यक्ष आणि तुमचा आर्किटेक्ट हजर हवेत. मोजणीदार दाखवेल तिथे नुसती मान डोलवायची नाही. दाखवलेली हद्द मान्य नसेल तर तसं जबाबात लिहून सही करा. 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात पडल्यावर ती चुकीची वाटली तर निमताना मोजणी (वरिष्ठांकडून फेरमोजणी) मागता येते, पण जागेवर नोंदवलेल्या हरकतीचं वजन वेगळंच असतं.

आणि सह्या. विकासकाला तुमच्याकडून काहीतरी हवंय, म्हणूनच लिफ्ट आणि रंगाची भाषा आहे. रस्त्याला 'ना हरकत', भूखंड विभाजनाला संमती, नाहीतर निदान 'सोसायटीची तक्रार नाही' असं एक वाक्य. माझ्या पाहण्यातल्या एका सोसायटीत सचिवांनी लेटरहेडवर चार ओळींचं पत्र दिलं होतं, ड्रेनेजची लाइन आवारातून न्यायला हरकत नाही म्हणून. भल्या मनाने दिलं होतं. पुढे तेच पत्र पोहोच रस्त्याची संमती म्हणून फाइलला लागलं आणि ते खोडून काढण्यात सोसायटीचं फार नुकसान झालं. सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय कोणीही, काहीही, कोणत्याही कागदावर सही करायची नाही, असा ठराव याच आठवड्यात करून घ्या आणि त्याची प्रत विकासकाला, महापालिकेला आणि उपनिबंधकांना पाठवा.

नवी मुंबईचे वाचक हे आपल्याला लागू करू पाहतील म्हणून थोडक्यात: वाशी, नेरुळ, कोपरखैरणेतल्या सिडकोच्या नोडमध्ये जमीन भाडेपट्ट्यावर असते, सहसा ६० वर्षांच्या. तिथे भूखंडाची हद्द आणि अटी सिडकोच्या भाडेकरारात सापडतात आणि हस्तांतरणाला सिडकोची परवानगी लागते. गावठाणातल्या आणि साडेबारा टक्क्यांच्या (जमीन गेलेल्यांना सिडकोने परत दिलेल्या) भूखंडांवरच्या इमारतींचे प्रश्न वेगळे आहेत, त्यांना वरचं सगळं जसंच्या तसं लावू नका.

राहिला तुमच्या सभासदांमधला वाद. लिफ्ट मागणारे चुकीचं बोलत नाहीत. चौथ्या मजल्यावर गुडघे दुखणारी माणसं राहतात, त्यांना लिफ्ट आजच हवी आहे, आणि त्यांना भित्रं किंवा विकले गेलेले म्हणू नका. त्यांच्यापुढे हिशोब मांडा. तुमची इमारत चाळिशीला आली आहे, पाच-सात वर्षांत पुनर्विकासाचा विषय येणारच. तेव्हा प्रत्येकाला किती वाढीव क्षेत्र मिळेल, कोणी विकासक यायला तयार होईल की नाही, हे सगळं भूखंडाच्या क्षेत्रावर ठरणार आहे. मागची जागा गेली आणि गेटातून दुसऱ्याचा रस्ता गेला, तर उरलेल्या पुढच्या पट्टीवर धड इमारत बसेल का, हीच शंका आहे. तुमच्या आर्किटेक्टकडून दोन तक्ते करून घ्या: मागच्या जागेसह पुनर्विकास केला तर प्रत्येक सभासदाला किती चौरस फूट, आणि त्या जागेशिवाय केला तर किती. त्याशेजारी स्वखर्चाने लिफ्ट बसवायची तर दर फ्लॅटमागे किती वर्गणी पडेल, तेही लिहा. हे तिन्ही आकडे विशेष सर्वसाधारण सभेच्या नोटिशीसोबत प्रत्येकाच्या दारात पोहोचवा, वाचायला आठवडाभर वेळ द्या, आणि मगच विकासकाचा प्रस्ताव मतदानाला घ्या.